ऐन घाटात बंद पडणारी मोटार : नंदुरबारच्या वाटांवरचा एक तांत्रिक इतिहास

१/
सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघालेला प्रवासी नवापूर आणि नंदुरबार या गावांवरून पुढे जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा गंध येतो, असे नोंदवून ठेवले. त्या काळी चढणीवर बैल बसला, तर त्याचे कारण शोधण्यास फार वेळ लागत नसे. बैल थकलेला असे, तहानलेला असे किंवा त्याचा खूर दुखावलेला असे, आणि हे डोळ्यांना दिसत असे. मोटार आली आणि प्रथमच असे वाहन या वाटेवर आले, जे बंद पडते पण का बंद पडले ते सांगत नाही. आजचा थ्रेड या न सांगितलेल्या कारणाच्या शोधाचा आहे.

२/
आधी भूगोल पाहू. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे, आणि तो पश्चिम खानदेशही १९०६ मध्ये मूळ खानदेश जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला. मधून तापी वाहते, उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला सह्याद्रीचे शेवटचे फाटे. सुरत–धुळे महामार्ग विसरवाडी आणि दहिवेल यांच्या दरम्यान कोंडाईबारीचा घाट चढतो. नवापुराहून पिंपळनेरकडे जाताना चरणमाळचा घाट लागतो. शहाद्याहून तोरणमाळला जाताना सात पायरीचा घाट आहे. आगगाडीने मात्र तापीच्या सपाटीचा रस्ता धरला; तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच नंदुरबारला पोहोचली होती. घाटाची परीक्षा उरली ती मोटारीच्या वाट्याला.

३/
या परीक्षेचे दोन परीक्षक आहेत : ऊन आणि उंची. वैशाखात तापीकाठचा पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे शहाद्याहून निघालेली गाडी जवळजवळ हजार मीटर वर चढते. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब पायथ्याच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. इंजिन श्वासावर चालते. हवा विरळ झाली की साध्या (टर्बो नसलेल्या) इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. म्हणजे तोरणमाळच्या माथ्यावर गाडी ‘ओढत नाही’ ही तक्रार दर वेळी बिघाडाची नसते. निसर्गाने घेतलेली ताकद कोणती आणि बिघाडाने घेतलेली कोणती, हे वेगळे करणे ही निदानाची पहिली पायरी, आणि अनेक जाणत्यांनीही ती चुकवलेली आहे.

४/
सुरुवातीच्या मोटारींचा दोष तर आज हास्यास्पद वाटावा असा होता. फोर्ड कंपनीची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) ही जगभर पसरलेली गाडी. तिच्या इंधनाची टाकी आसनाखाली होती, आणि पेट्रोल पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने उतारावरून वाहत कार्बोरेटरकडे जाई. चढण तीव्र झाली आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की कार्बोरेटर टाकीपेक्षा वर जाई. इंजिन उपाशी राहून थांबे. यावर चालकांनी काढलेला तोडगा असा : गाडी वळवायची आणि उलट्या गिअरमध्ये, पाठमोरी, चढण चढायची! आता टाकी वर आणि इंजिन खाली. हा विनोद नाही, त्या काळची सर्वमान्य रीत होती.

५/
त्यानंतरच्या अनेक गाड्यांत इंधन वर खेचण्यासाठी इंजिनातल्याच निर्वाताचा उपयोग करणारी छोटी टाकी आली. सपाट रस्त्यावर ती उत्तम चाले. पण लांब चढणीवर चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवतो, आणि तेव्हा इंजिनातला निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. जितकी ताकद अधिक मागावी, तितके इंधन कमी यावे, असा हा उफराटा न्याय. छोट्या टाकीतला साठा संपला की गाडी धापा टाकत थांबे. आश्चर्य असे की चालकाने पाय उचलून क्षणभर उसंत दिली, की निर्वात परत येई, टाकी भरे आणि गाडी पुन्हा चालू लागे. ‘गाडीला दम खाऊ द्या’ हा सल्ला अशा गाड्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा होता.

६/
त्या काळी पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून मिळे. डब्यात गंज असे, ओतताना धूळ जाई, पावसाळ्यात पाणी शिरे. पेट्रोलपेक्षा पाणी जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसे आणि चढणीवर गाडी कलली की नळीच्या तोंडाशी येई. म्हणून सावध चालक शामॉय चामड्यातून पेट्रोल गाळून भरत. पेट्रोल त्या चामड्यातून झिरपते, पाणी अडून राहते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. एक कण अडकला की गाडी संथ चाले, पण वेग मागितला की गुदमरे. ‘कचरा आला’ हे मिस्त्रींच्या तोंडचे निदान तेव्हापासूनचे, आणि बऱ्याचदा बरोबरच.

७/
इंधनाची गोष्ट इथवर. दुसरा संशयित ठिणगी. बॉश कंपनीचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास बॅटरी, क्वाइल आणि पॉइंट यांची जोडणी प्रचारात आणली. हीच रचना पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत राहिली. दोन धातूंची टोके सेकंदाला शेकडो वेळा उघडतात-मिटतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती उघडताना क्वाइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. केटरिंगचे नाव आज सेल्फ-स्टार्टरसाठी घेतले जाते. माझ्या मते ही ठिणगीची जोडणी त्याचे अधिक मोठे काम.

८/
आता मूळ प्रश्नाकडे. चालती गाडी ताकद सोडून बंद पडली, तर दोष इंधनात की ठिणगीत? जुन्या जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न हत्यारांचा नसे. तो विचारी, ‘बंद पडली ती कशी?’

दिवा मालवावा तशी, काही पूर्वसूचना न देता, एका क्षणात बंद पडली, तर संशय विजेवर : क्वाइल, पॉइंट, सुटलेली तार. झटके खात, खोकत, पुन्हा थोडी उचल घेत, मग विझली, तर संशय इंधनावर. कारण कार्बोरेटरच्या वाटीत काही घोट शिल्लक असतात आणि इंजिन ते संपेपर्यंत धडपडते. हळूहळू जड होत गेली आणि तापमानाचा काटा वर होता, तर गोष्टच वेगळी : पाणी, तेल, हेड गॅस्केट.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटेल. राज्य एका रात्रीत कोसळले की वर्षानुवर्षे खंगत गेले, हा प्रश्न कारणांच्या आधी विचारावा लागतो.

९/
मध्येच महायुद्धाचा एक अध्याय. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि अनेक बस-मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघालेला वायू इंजिनात सोडायचा, असा हा कोळसा-वायूचा प्रयोग. त्यात इंजिनाची ताकद तीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होई. चढण आली की प्रवाशांनी उतरून चालावे, प्रसंगी ढकलावे, हे देशातल्या अनेक मार्गांवर नित्याचे झाले. वायूतली राख आणि डांबर नळ्यांत साचे, आणि ‘बंद पडली ती कशी’ या प्रश्नाला एक नवेच उत्तर मिळे. युद्ध संपताच भट्ट्या उतरल्या. हा अनुभव फारसा कोणी जपून ठेवला नाही.

१०/
स्वातंत्र्याच्या आगेमागे गाड्या ‘आपल्या’ होऊ लागल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली; तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. कुर्ल्याची फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, इंजिन १०८९ सीसीचे. मूळ आराखडा इटलीतला. त्या इंजिनाच्या नशिबी कोंडाईबारीचा मे महिना येणार आहे, हे तुरिनमधल्या अभियंत्याच्या स्वप्नातही नसेल.

११/
पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असे. मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणत. आत रबरी पडदा. इंजिनाच्या कॅमने तो वरखाली होई आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. रचना साधी आणि स्वस्त, पण जागा तापलेली.

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. आता चित्र उभे करा : दुपारचे दोन, बाहेर त्रेचाळीस अंश. पुढे उसाने किंवा सिमेंटने भरलेला ट्रक, त्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी पद्मिनी. इंजिन जोरात फिरते आहे, पण गाडीचा वेग इतका कमी की पुढून हवा लागत नाही. बॉनेटखाली तापमान सत्तरच्या पुढे. त्यात पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचा बुडबुडा तयार होतो. पंपाचा पडदा आता द्रव ढकलत नाही, वाफ दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. कार्बोरेटरला काहीच पोहोचत नाही. गाडी झटके खाते आणि वळणावर उभी राहते.

याला इंग्रजीत व्हेपर लॉक म्हणतात. आपल्याकडे ‘पंप गरम झाला’ एवढ्यावर भागत असे, आणि ते वर्णन अचूक होते.

१२/
उपाय सर्वांना ठाऊक होता : पंपावर ओले फडके टाकायचे, पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसायचे, मग स्टार्टर मारायचा. वाफ थंडावून पुन्हा द्रव होई आणि गाडी सुरू होई. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत पाण्याची कॅन आणि फडके हे स्टेपनीइतकेच आवश्यक मानले जाई.

पण इथेच निदानाचा खरा पेच आहे. गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, हे लक्षण केवळ पंपाचे नव्हते. आत केसासारखी बारीक तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली क्वाइलही तसेच वागे. उष्णतेने आतले इन्सुलेशन दगा देई किंवा तुटकी तार प्रसरण पावून विलग होई, ठिणगी जाई. थंड झाली की तार पुन्हा टेके, ठिणगी परते. वीस मिनिटे सावलीत बसल्यावर पंपही निवलेला आणि क्वाइलही. गाडी सुरू झाली, पण कोणामुळे बंद पडली होती? दोन संशयित, दोघांची वागणूक एक, आणि थंड होताच पुरावा नाहीसा.

१३/
म्हणून शहाणा मिस्त्री सांगे : बंद पडल्या पडल्या, गाडी थंड होण्याआधी पाहा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावायचे आणि ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढायची. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर वाटीत इंधन आहे. पंप निर्दोष, ठिणगी तपासा. काहीच उडाले नाही, तर वाटी कोरडी आहे. पंप, नळी आणि टाकी पाहा.

मग ठिणगी. प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोडे दूर धरायचे आणि कोणाला तरी स्टार्टर फिरवायला सांगायचे. कडकडीत निळी ठिणगी म्हणजे ठीक. पिवळसर, मरगळलेली म्हणजे क्वाइल किंवा कंडेन्सर संपत आलेला. (उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडण्याच्या या प्रकारात हात आणि गाडी भाजून घेतलेलेही पुष्कळ आहेत. वाचकहो, प्रयोग करू नका.)

हे सारे दोन मिनिटांत, हत्यार एक पक्कड आणि एक पाना. या ज्ञानाचे लिखित दस्तऐवज मराठीत जवळपास नाहीत. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे, ग्रीस लागलेल्या हातांनी गेले.

१४/
कंडेन्सर हा तर अंगठ्याएवढा डबा, पण त्याने जितके लोक रात्री घाटात बसवले तितके क्वचितच कोणी बसवले असतील. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये, हे त्याचे काम. तो निकामी झाला की पॉइंट जळतात, त्यांवर काजळी आणि खड्डे पडतात, आणि भार आला की इंजिन मिसिंग करू लागते. सपाटीवर गाडी बरी चाले, चढणीवर रडे. पॉलिश पेपरने पॉइंट घासले की तासभर सुटका, मग पुन्हा तेच. जो मिस्त्री दर वेळी पॉइंटच घासत राही तो लक्षणावर उपचार करी. जो कंडेन्सर बदली तो कारणावर.

१५/
आणखी एक नमुना, मला विशेष प्रिय असलेला. गाडी दहा-पंधरा किलोमीटर उत्तम चालते, मग ताकद जाते, बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा दहा-पंधरा किलोमीटर. पंप नवा, क्वाइल नवी, कार्बोरेटर साफ. शेवटी कोणी टाकीचे झाकण उघडते आणि ‘फुस्स’ आवाज येतो. झाकणातले हवा आत येण्याचे बारीक छिद्र धुळीने बुजलेले. पेट्रोल बाहेर जाते, हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप त्याच्याशी झुंजत हरतो. औषध : एक टाचणी.

१६/
आतापर्यंतचे सारे दोष उष्णतेचे, धुळीचे, धातूचे. एक दोष माणसांनी मुद्दाम घातलेला होता : भेसळ.

रेशनचे रॉकेल अनुदानामुळे पेट्रोल-डिझेलहून कितीतरी स्वस्त असे. ते ओळखता यावे म्हणून त्याला निळा रंग दिला जाई. तरी ते टँकरांत जाई. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन ठोके देते, धूर सोडते, प्लग काळे होतात, चढणीवर जीव राहत नाही. मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाहत : फिकट तपकिरी म्हणजे निरोगी, काजळी म्हणजे बिघडलेले मिश्रण. पंपावर गाळण कागदाची चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला असतो : कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, शुद्ध असेल तर डाग न ठेवता उडून जाईल.

उत्तर महाराष्ट्रात इंधन पुरवणारे मोठे साठे मनमाडजवळ पानेवाडीला आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाच्या चोरीचा आणि भेसळीचा प्रकार पाहिला, थांबून चौकशी सुरू केली, आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. ‘गाडी ओढत नाही’ या साध्या तक्रारीच्या मुळाशी कधी काय असू शकते, याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

१७/
डिझेलची कथा वेगळी. तिथे ठिणगीच नाही; हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन आपोआप पेटते. बॉशने १९२७ च्या सुमारास इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणात बनवू लागताच डिझेल रस्त्यावर आले. भारतात हे पंप १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या ‘मायको’ने बनवले, नोझल पुढे नाशिकच्या कारखान्यात होऊ लागले. 

डिझेल गाडी बंद पडली की संशयित दोनच : इंधन आणि हवा. त्यातही गंमत अशी की इंजिनाला हवा हवी, पण डिझेलच्या नळीत ती नको. एखादा वॉशर झिजला, फिल्टर तुंबला किंवा टाकी कोरडी होऊ दिली की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल फवारले जात नाही. म्हणजे व्हेपर लॉकचाच हा सख्खा भाऊ. ‘एअर धरली’ असे म्हणून मिस्त्री फिल्टरचा स्क्रू सैल करी, हातपंप मारी, फेस थांबून सलग धार लागेपर्यंत थांबे आणि स्क्रू आवळी.

१८/
या कौशल्याची किंमत सपाटीवरच्या माणसाला कळणे कठीण. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले अनेक पाडे रस्त्यापासून दूर आहेत. आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदाकाठच्या गावांसाठी बोटीवर तरंगता दवाखाना चालवावा लागला. झोळी रस्त्याला लागली की पुढचा भरवसा जीपचा किंवा रुग्णवाहिकेचा. धडगाव-मोलगीच्या वाटांवर महिंद्राच्या जीपा, दारांना लटकलेल्या माणसांसह, वर्षानुवर्षे धावल्या. तिथे बंद पडलेले इंजिन म्हणजे गैरसोय नव्हे.

शिवाय उतारावर इंजिन बंद पडले तर? आधुनिक गाडीत ब्रेकला मदत करणारा सर्व्हो इंजिनाच्या निर्वातावर चालतो. डिझेल गाडीत त्यासाठी इंजिनाने फिरणारा वेगळा निर्वात-पंप असतो. इंजिन थांबले की साठलेल्या निर्वातावर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, पुढे पेडल दगडासारखे कठीण होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. म्हणून जुने चालक सांगत की उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका, आणि बंद पडलीच तर ब्रेक वारंवार पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. सात पायरीच्या वळणांवर हा सल्ला आजही तितकाच लागू आहे.

१९/
मग २००० हे वर्ष आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि १ एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष आले. ते पाळणे कार्बोरेटरला जमेना. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक फवारणीने घेतली. बॉशने ती १९६७ मध्येच बाजारात आणली होती. पद्मिनीचे उत्पादन याच सुमारास संपले. पंप इंजिनावरून उचलून थेट टाकीत, पेट्रोलात बुडवून ठेवला गेला. तो आता ओढत नाही, मागून ढकलतो. नळीत दाब जास्त असल्याने पेट्रोल सहज उकळत नाही. ओले फडके इतिहासजमा झाले.

२०/
पण दोषाने फक्त वेष बदलला. पॉइंटच्या जागी क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर आला. आतमध्ये पुन्हा तारेचे वेढे, पुन्हा इंजिनाची उष्णता. तो जुना झाला की तापल्यावर गप्प होतो. संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही. तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. वीस मिनिटांनी गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. केटरिंगची क्वाइल जे करी, तेच.

खूणही जुन्या प्रश्नाचीच आहे. गाडी गिअरमध्ये असून वेगाने चालली आहे, इंजिन अचानक गेले आणि आरपीएमचा काटा त्याच क्षणी शून्यावर पडला, तर संशय या सेन्सरवर किंवा विजेवर. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर इंधन पाहा. टाकीतला पंप मरणाच्या वाटेवर असेल, तर तो सपाटीवर पुरेसे पेट्रोल देतो आणि चढणीवर, जास्त मागणी आली की, कमी पडतो.

२१/
भारतात एप्रिल २०१० पासून गाड्यांत दोषनोंदीची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र जोडले की संगणक सांकेतिक क्रमांक सांगतो : पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या मंडळात दोष, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी.

नवशिक्यांचा गैरसमज इथे होतो. क्रमांक हे निदान नव्हे. ती साक्ष आहे. पी ०१७१ चे कारण फाटलेली हवेची नळी असेल, मळलेला हवामापक सेन्सर असेल, तुंबलेला फिल्टर असेल किंवा थकलेला पंप. पी ०३३५ आला म्हणून सेन्सर बदलावा आणि खरा दोष उंदराने कुरतडलेल्या वायरचा निघावा, असे सतत घडते. शिलालेखात राजाचे नाव आहे म्हणून देऊळ त्यानेच बांधले असे आपण लगेच मानत नाही. लेख नंतर कोरलेला असू शकतो, दगड दुसरीकडून आणलेला असू शकतो. इंधनाचा दाब गेजने मोजणे, वायरीतला प्रवाह मीटरने पाहणे, गाडी तापवून दोष पुन्हा घडवून आणणे, हे अजूनही हातानेच करावे लागते. आणि काही वेळा गाडी बंद पडते, पण एकही क्रमांक नोंदला जात नाही. तेव्हा परत तोच प्रश्न : बंद पडली ती कशी?

२२/
एप्रिल २०२० पासून बीएस-सहा निकष आले. डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसली. ती साचलेली काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालणे लागते. गावातल्या छोट्या फेऱ्या आणि घाटातला रखडता वेग यांत ते साधत नाही. जाळी तुंबते, संगणक इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. हा ‘बिघाड’ म्हणजे गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय असतो. चालकाला मात्र फरक जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने गाडी पुन्हा ओढत नाही, एवढेच.

२३/
आणि आता इथेनॉल. कल्पना नवी नाही. उसाच्या मळीपासूनचे अल्कोहोल पेट्रोलात मिसळण्यासाठी देशात १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. वीस टक्के मिश्रणाची विक्री २०२३ पासून सुरू झाली आणि दोन वर्षांत ती देशभर पसरली. शहादा आणि नवापूर हे तालुके स्वतः ऊस पिकवणारे, साखर कारखाने असणारे.

इथेनॉल पाणी शोषते. फार पाणी शिरले तर पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे त्याने फुगतात. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ ते सुटा करते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. शिवाय अशा मिश्रणाची वाफ शुद्ध पेट्रोलहून काहीशी लवकर होते. नव्या, त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांना यातले फारसे काही जाणवत नाही. पण कोणी हौशीने जपलेली पद्मिनी पुढच्या वैशाखात कोंडाईबारी चढवणार असेल, तर त्याने इंधनाच्या नळ्या आधीच बदलून घ्याव्यात, सोबत एक जादा फिल्टर ठेवावा, आणि पाण्याची कॅन व ते जुने फडके पुन्हा डिकीत टाकावे.